परक्या ग्रहावर पाणी कोण भरतं? स्त्रीवादी विज्ञानकथा लिहिण्याची एक पद्धत

दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांमध्ये माणसं परक्या ग्रहावर बऱ्याचदा उतरतात. यान आदळतं, ऑक्सिजन संपत येतो, कप्तान ऐन वेळी युक्ती काढतो आणि सगळे वाचतात. हल्ली कप्तानाच्या जागी बाई असते. तेवढ्यानं कथा स्त्रीवादी होत नाही. त्या तळावर स्वयंपाक कोणी केला, मैल्याच्या टाक्या कोणी धुतल्या, भाजलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर कोण बसलं, यातलं काहीच कथेत आलेलं नसतं.

वैरी जगात तगून राहायचं म्हणजे हवा, पाणी, अन्न, स्वच्छता, आजारपण आणि बाळंतपण यांची रोजची व्यवस्था लावायची. पृथ्वीवर यातली बहुतेक कामं बायकांनी केली आणि ती कोणी कामात धरली नाहीत. परक्या ग्रहावर तीच कामं दोन दिवस थांबली तर सगळा तळ मरतो. अशा कथेसाठी याहून मोठं बीज मला माहीत नाही. पुढची सगळी पद्धत त्याच एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती समजावून सांगताना मी एक कथा तुमच्यासमोरच रचत जाणार आहे.

पहिली पायरी: ग्रहाचं एकच वैर निवडा

माळव्याबद्दलची जुनी ओळ इंदुरात सगळ्यांच्या कानावर असते: ‘मालव भूमि गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर.’ पावलोपावली भाकरी आणि पाणी देणाऱ्या या पठारावर बसून निष्ठुर ग्रह कल्पायचा, तर पहिला मोह होतो तो सगळी संकटं एकदम ओतण्याचा. वादळं, विषारी धुकं, हिंस्र प्राणी, भूकंप. तो मोह आवरा. एकच वैर घ्या आणि त्याचे परिणाम चुलीपर्यंत, न्हाणीघरापर्यंत नेऊन बघा.

आपल्या सूर्यमालेतच तीन चांगले नमुने आहेत. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहून कमी, आणि त्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. तिथल्या मातीत परक्लोरेट हे क्षार आहेत, हे फिनिक्स यानानं २००८ मध्ये दाखवलं. ते थायरॉइडला घातक असतात, म्हणजे त्या मातीत बटाटे लावायचे तर आधी माती धुवायला हवी आणि त्यासाठी पाणी हवं. शुक्राच्या पृष्ठभागावर ४६५ अंश तापमान आणि पृथ्वीच्या ९२ पट दाब. तिथे वस्तीची कथा जमिनीवर घडूच शकत नाही. शनीचा चंद्र टायटन वेगळाच आहे. हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट, त्यामुळे दाबाचा सूट लागत नाही, पण तापमान उणे १७९ अंश. मंगळावर भोक पडलं की माणूस मिनिटांत जातो. टायटनवर थंडी शिवणीशिवणीतून आत येत राहते. या दोन मरणांची कथा वेगवेगळ्या गतीनं लिहावी लागते.

आपल्या कथेसाठी मी तांबड्या बटू ताऱ्याभोवतीचा, म्हणजे सूर्याहून खूप लहान आणि मंद ताऱ्याभोवतीचा ग्रह घेते. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी असाच आहे, अंतर सुमारे ४.२४ प्रकाशवर्षं. त्याच्याभोवतीचा प्रॉक्सिमा बी हा ग्रह २०१६ मध्ये सापडला. त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं आहे. ताऱ्याच्या इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असण्याची शक्यता खूप असते, म्हणजे अर्ध्या ग्रहावर कायमचा दिवस आणि अर्ध्यावर कायमची रात्र. शिवाय असे तारे भडकतात आणि भडक्याबरोबर प्रारणांचा (रेडिएशनचा) मारा होतो.

या स्वभावाचा एक काल्पनिक ग्रह घेऊ. वस्तीतली माणसं त्याला ‘आडगाव’ म्हणतात. गुरुत्व पृथ्वीच्या १.२ पट. माणसं वीस. राहतात ती दिवस आणि रात्र यांच्यामधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात, जमिनीखाली. बर्फ आहे अंधाऱ्या बाजूला, नऊ किलोमीटरवर. वैर एकच: ताऱ्याचा भडका. भडका आला की बाहेर जायचं नाही, आणि तो कधी येईल हे काही तास आधीच कळतं. एवढ्या सामग्रीवर पूर्ण कथा उभी राहते.

ग्रह ठरला की तिथली कालगणना लगेच ठरवा. आडगावात सूर्योदय नाही आणि वर्ष अकरा दिवसांचं, म्हणजे तिशीतली बाई तिथल्या वर्षांनी साडेनऊशेच्या पुढे गेलेली. आठवडा, सुट्टी, वाढदिवस, पाळीची तारीख हे सगळं कोणीतरी नव्यानं ठरवलेलं असणार. आपल्या शेजारच्या उज्जैनहून प्राचीन भारतीय ज्योतिषी मध्यरेषा धरत आणि सगळ्या देशाची कालगणना त्या गावापासून होई. आडगावात वेळ कुठून मोजायची? इंजिनाच्या घड्याळावरून, की भट्टी पेटवणाऱ्या बाईच्या कामाच्या पाळीवरून? हे ठरवणारं माणूस कथेत सत्ताधारी असतं, त्यानं कधी आवाज चढवला नाही तरी.

दुसरी पायरी: माणसामागे किती लागतं ते मांडा

एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. वीस माणसांचे हे झाले रोजचे १६.८ किलो आणि २० किलो. पिण्यात आणि जेवणात मिळून माणशी ३ लिटर पाणी धरा. धुणं, अंग पुसणं, भांडी धरून माणशी १२ लिटर, म्हणजे वस्तीला २४० लिटर.

हे पाणी पुन्हापुन्हा शुद्ध करून वापरायचं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवता आल्याचं नासानं २०२३ मध्ये जाहीर केलं. आडगावची यंत्रणा तेवढीच चांगली धरली, तर रोज ४.८ लिटर पाणी हातचं जातं. ३६५ दिवसांत १,७५२ लिटर. यंत्रणा म्हातारी होऊन ९० टक्क्यांवर आली, तर तोच आकडा ८,७६० होतो. पाच पट बर्फ आणायचा, नऊ किलोमीटरवरून, भडके चुकवत. माझ्या मते कथा इथे सुरू व्हावी. यान आदळण्याच्या प्रसंगानं सुरुवात करू नका, तो वाचकानं शंभरदा वाचलेला आहे. एखाद्या बाईला गाळणीच्या टाकीवरचा काटा ९८ वरून ९४ वर आलेला दिसतो आणि ती कोणाला सांगावं याचा विचार करते, तिथून सुरू करा.

बंद जागेत हवेचं गणित कसं बिघडतं याचा खरा दाखला हवा असेल तर अमेरिकेत ॲरिझोनातला बायोस्फिअर २ हा प्रयोग अभ्यासा. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं चार बायका आणि चार पुरुष काचेच्या बंद इमारतीत शेती करून राहिले. आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला आणि अखेर बाहेरून सोडावा लागला. कारण साधं होतं: सुपीक मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे तो झाडांपर्यंत पुरेसा पोचतच नव्हता. माणसं उपाशी राहिली, वजनं उतरली, आणि आठ जणांत दोन तट पडले. कथाकाराला यातला प्रत्येक तपशील कामाचा आहे, तट पडण्याचा सर्वांत जास्त.

तिसरी पायरी: कामाची वही

ही पायरी वगळून पुढे जाऊ नका. कथा स्त्रीवादी होते ती इथे.

एक कोरी वही घ्या आणि स्वतःच्या घरातला एक पूर्ण दिवस तीत उतरवा. उठल्यापासून झोपेपर्यंत घरात झालेलं प्रत्येक काम, ते कोणी केलं, किती मिनिटं लागली, आणि ते झाल्याचं कोणाच्या लक्षात आलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. गॅस सिलिंडर संपत आल्याचं लक्षात ठेवणं, सासूबाईंच्या गोळ्या संपण्याआधी आणणं, पाहुणे येणार म्हणून दूध जास्त घेणं, ही कामंही लिहा. त्यांना हात लागत नाही, पण डोकं सतत लागतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या आणि पुरुष २६ टक्के.

आता घराबाहेर या. माळव्याची ती ओळ आज इंदूरला पुरती लागू पडत नाही. शहर नर्मदेचं पाणी पितं, आणि ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पंपांनी पार करून येतं. वीज गेली, पंप बंद पडला, वाहिनी फुटली की दोन दिवसांत मोहल्ल्यामोहल्ल्यांत टँकर दिसतात आणि टँकरपाशी रांगेत कोण उभं असतं ते तुम्हीच बघा. तीच गोष्ट कचऱ्याची. इंदुरात घरोघरी सहा प्रकारांत कचरा वेगळा करून गाडीत टाकतात. ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. शहराला या स्वच्छतेचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण सहा डबे वेगळे ठेवण्याचं काम घराघरांत कोणाच्या वाट्याला आलं आणि पहाटे रस्ता झाडायला कोण येतं, हे विचारलं की आडगावची अर्धी कथा तुमच्या हातात येते. परक्या ग्रहावर कचरा फेकायला जागाच नसते. तिथे मैला म्हणजे खत, लघवी म्हणजे पाणी, उष्टं म्हणजे उद्याचं पीक. जातीनं आणि लिंगानं ठरवून दिलेलं ‘घाणेरडं’ काम तिथे सर्वांत मोलाचं ठरतं. वीस माणसं आपल्या जुन्या सवयी घेऊनच तिथे उतरलेली असतात, हे विसरू नका. स्त्रीवादी कथेनं जातीकडे डोळेझाक केली तर ती अर्धीच राहते, असं माझं ठाम मत आहे.

मग आडगावसाठी तशीच वही बनवा. वीसही माणसांची नावं आणि चोवीस तास. तळाच्या अधिकृत नोंदवहीत दोनच रकाने आहेत असं ठरवा: ‘कार्य’ आणि ‘इतर’. खोदकाम, यंत्रदुरुस्ती, संदेशवहन हे कार्य. स्वयंपाक, गाळण्या धुणं, आजाऱ्याची सेवा, रडणाऱ्या माणसाशी बोलणं हे इतर. अन्नाचा जादा वाटा ‘कार्य’ करणाऱ्यांना मिळतो. कोणीही दुष्ट नाही, नियम पृथ्वीवर कोणीतरी बसून केलेला आहे. आणि गाळण्या धुणाऱ्या बाईचं वजन उतरत चाललंय. या एका नियमातून येणारा संघर्ष कुठल्याही राक्षसी प्राण्यापेक्षा जास्त पानं पेलतो.

चौथी पायरी: साधनं कोणाच्या मापाची आहेत ते तपासा

तुमच्या कथेतल्या प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारा. सूट, हातमोजे, शिडीच्या पायऱ्यांतलं अंतर, औषधाची मात्रा, खुर्चीचा पट्टा.

खरा इतिहास इथे कल्पनेच्या पुढे आहे. १९८३ मध्ये सॅली राइड अंतराळात जाणार होती तेव्हा अभियंत्यांनी तिला विचारलं होतं, सात दिवसांसाठी पाळीत वापरायचे १०० टॅम्पॉन पुरतील ना? त्याच्या आदल्या वर्षी स्वेतलाना सावित्स्काया सोव्हिएत स्थानकावर पोचली, तेव्हा तुझ्यासाठी एप्रन तयार ठेवलाय अशी थट्टा करून तिचं स्वागत झालं. १९८४ मध्ये हीच सावित्स्काया अंतराळात चालणारी पहिली स्त्री ठरली. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी एकत्र अंतराळचाल करायचं ठरलं होतं, पण दोघींना बसणाऱ्या मध्यम मापाचा एकच सूट तयार होता, म्हणून बेत बदलावा लागला. दोन स्त्रियांची तशी चाल शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ ला क्रिस्टिना कुक आणि जेसिका मीर यांनी केली.

आडगावात १.२ पट गुरुत्व आहे. साठ किलोच्या बाईला तिथे बहात्तर किलोचं ओझं जाणवतं, वीस लिटरचा पाण्याचा डबा चोवीस किलोचा वाटतो. सूट पुरुषाच्या खांद्यांवर बेतलेला असेल तर ओझं तिच्या मानेवर येणार, हातमोज्यांत बोटं पुढे पोचणार नाहीत, आणि गॅस्केट बदलायला दुप्पट वेळ लागणार. भडका येत असताना तो वेळ म्हणजे प्रारणाची मात्रा. असा तपशील एका परिच्छेदात घातला की ‘व्यवस्था बायकांसाठी बनलेली नाही’ हे वाक्य लिहायची गरज राहत नाही.

पाचवी पायरी: संरक्षणाच्या नावाखाली काय होतं

अंतराळवीरांच्या प्रारणमर्यादा नासात पूर्वी वय आणि लिंग पाहून ठरत. स्त्रियांची मर्यादा कमी असल्यानं त्यांना कमी दिवस उडता येई. २०२२ मध्ये सगळ्यांना सारखी, आयुष्यभरासाठी ६०० मिलिसीव्हर्ट (प्रारणाच्या मात्रेचं एकक) ही मर्यादा आली. यातला पेच कथेसाठी अगदी नेमका आहे. बाईचं शरीर जपायचं म्हणून तिला बाहेर सोडायचं नाही, आणि बाहेर गेली नाही म्हणून निर्णयात तिचा शब्द मोजायचा नाही.

याचं उत्तर कथेत भाषणानं देऊ नका, एखाद्या पात्राच्या कृतीतून द्या. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या दुर्घटनेनंतर जपानमधले साठी ओलांडलेले निवृत्त अभियंते पुढे आले होते. प्रारणानं होणाऱ्या कर्करोगाला दिसायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर आम्ही तसेही जाऊ, तरुणांना पाठवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. आडगावात हे म्हणणारी एकसष्ट वर्षांची शैलाताई आहे. ती आयुष्यभर पंपघरात काम केलेली बाई आहे, आणि ती जाते ते त्याग म्हणून नव्हे, तर पंप तिलाच येतो म्हणून. म्हाताऱ्या बाईला कथेत ज्ञानाचं काम द्या. आपल्याकडे तिला आशीर्वाद देण्यापलीकडे काही करू देत नाहीत.

सहावी पायरी: गर्भाशयाचा प्रश्न टाळू नका

परक्या ग्रहावर वीस माणसं उरली की कोणीतरी म्हणतंच: वंश पुढे चालला पाहिजे. बऱ्याच कथा हे वाक्य आलं की ते मान्य धरून पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा. हे कोण म्हणतं, कोणत्या बैठकीत म्हणतं, त्या वेळी मुलं होऊ शकतील अशा बायका खोलीत होत्या का?

आजवर एकाही माणसाचा जन्म पृथ्वीबाहेर झालेला नाही. वेगळ्या गुरुत्वात गर्भ कसा वाढेल, हाडं कशी धरतील, याचा मानवी अनुभव शून्य आहे. म्हणजे आडगावची पहिली गर्भवती स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणार आहे, आणि प्रयोगाला संमती लागते. कथेत हा प्रश्न औषधांच्या यादीतून आणा. गर्भनिरोधकं किती महिन्यांची होती? गर्भपाताच्या गोळ्या यादीत होत्या का, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं मोठं कारण आहे. त्यावर द्यायचं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. शीतपेटीची वीज कापून ती संदेशयंत्राला द्यायची का, असा ठराव बैठकीपुढे येतो आणि मतदानाला अठ्ठावीस वर्षांची मुक्ता बसलेली असते, जिनं अजून कोणालाच काही सांगितलेलं नाही. हा प्रसंग हळू लिहा, कथेतला सर्वांत जास्त वेळ त्याला द्या. मुक्ता मूल ठेवते की नाही, हे तुम्ही काहीही ठरवा. ठरवते ती मुक्ता आणि तिच्या निर्णयाची शिक्षा कथा तिला देत नाही, एवढी अट मात्र पाळा. मूल नाकारणाऱ्या बाईला शेवटच्या पानावर मारून टाकायची लेखकांना वाईट सवय आहे.

सातवी पायरी: विषारी हवा लिहिण्याआधी भोपाळ वाचा

निष्ठुर हवेचा अनुभव शोधायला आपल्याला दुसऱ्या ग्रहावर जावं लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. तो हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरला आणि कारखान्याजवळच्या गरीब वस्त्यांत झोपलेली माणसं आधी सापडली. ज्या बायका वाचल्या त्यांच्यात गर्भपात खूप झाले. त्यानंतरची नुकसानभरपाईची, उपचारांची, दूषित पाण्याविरुद्धची लढाई दशकानुदशकं चालली आणि त्या मोर्चांत, धरण्यांत पुढे बायका होत्या. खोकत, मुलं कडेवर घेऊन.

त्यांच्या साक्षी छापलेल्या आहेत, त्या वाचा. त्यांतून दोन गोष्टी घ्या. संकटाच्या रात्री माणसं काय काय उचलून पळतात हा तपशील पहिला. दुसरी गोष्ट ही, की संकट त्या रात्री संपत नाही, ते फुप्फुसांत, पाळीत, पुढच्या पिढीत चालू राहतं. पण त्यांची वेदना जशीच्या तशी उचलून चमकदार प्रसंगासाठी वापरू नका. आडगावचा भडका झाल्यावर पुढची पंधरा वर्षं काय झालं, हे एका पानात जरी आलं तरी तुमची कथा नेहमीच्या साहसकथेपासून दूर गेलेली असेल.

आठवी पायरी: सत्ता, पुरुष आणि ग्रह

इंदूरला अहिल्याबाईंचा अभिमान आहे. १७६७ ते १७९५ एवढा काळ त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं, आमचं विद्यापीठ आणि विमानतळ त्यांच्या नावाचे आहेत. म्हणूनच आपल्याकडच्या लेखिकांना कर्तबगार राणी लिहायचा मोह जास्त होतो. एक थोर बाई सिंहासनावर बसली म्हणून घाटावर घागरी भरणारीचं ओझं कमी झालं का, हे कथेनं विचारलं पाहिजे. तळाची प्रमुख बाई असेल आणि नोंदवहीत ‘इतर’ रकाना तसाच असेल, तर काय बदललं?

पुरुषांना राक्षस करू नका. आडगावचा प्रमुख देवधर हा नेक, थकलेला, नियमांवर विश्वास असलेला माणूस ठेवा. त्याला बदलताना दाखवायचं तर त्याच्या हातात घासणी द्या.

ग्रहाला कुमारिका, माता किंवा शत्रू म्हणणारी वाक्यं दिसली की खोडा. ग्रहाला आपल्याशी देणंघेणं नाही. तिथे जीवसृष्टी असेल तर ती आधीपासूनची रहिवासी आहे, आणि ‘जिंकण्याची’ भाषा बोलणारं पात्र कोण आहे ते वाचकाला कळलं पाहिजे.

नववी पायरी: भाषा

वाचकाला ठाऊक असलेले शब्द तसेच वापरा: एअरलॉक, पंप, गॅस्केट, फिल्टर, बॅटरी. पारिभाषिक कोशातून अवघड प्रतिशब्द आणले की पात्रं परिसंवादात बोलतात तशी बोलू लागतात. उलट जिथे आपला रोजचा शब्द आहे तिथे तोच घ्या. टाकीला टाकी, गाळणीला गाळणी. संवाद लिहिताना आपली इंदुरी मराठी लपवू नका. आपल्या बोलण्यात हिंदीची वळणं आहेत, ती घेऊन माणसं दुसऱ्या ग्रहावरही जातील.

“शैलाताई, आठ तासांत भडका येऊन राहिलाय. बायकांनी बाहेर जायचं नाही, असा नियम आहे.”

“पाणी किती दिवसांचं आहे, देवधर?”

“चार.”

“आणि भडका किती दिवसांचा?”

देवधर गप्प राहिला.

“मागच्या खेपेला गॅस्केट कोणी बदललं? वहीत बघ.”

“वहीत नाही ते.”

“मग आता लिही. आणि माझा सूट आण, तो उजव्या खांद्याला शिवलेला.”

इथे वयानं मोठी शैलाताई प्रमुखाला ‘तू’ म्हणते आणि तो तिला ‘ताई’ म्हणतो. पद एकीकडे आणि नातं दुसरीकडे. मराठीत सत्तेची ही ओढाताण एका सर्वनामात दिसते, तिचा पुरेपूर उपयोग करा.

दहावी पायरी: लिहून काढणं आणि पाठवणं

पहिली कथा तीन ते चार हजार शब्दांत बसवा. पाच प्रसंग पुरतात: काटा उतरलेला दिसतो, नोंदवहीवरून भांडण, शीतपेटीचा ठराव, भडक्याआधीची पाण्याची खेप, पंधरा वर्षांनंतरचं पान. माहिती कामातून येऊ द्या. फिल्टर धुताना ९८ टक्क्यांचा हिशेब सांगता येतो, त्यासाठी शास्त्रज्ञ पात्राचं व्याख्यान नको. पृथ्वीवरून सुटकेचं यान शेवटी आणू नका. चार प्रकाशवर्षांवरून मागितलेल्या मदतीला नुसतं उत्तर यायलाच साडेआठ वर्षं लागतील.

पहिला खर्डा झाला की तीन माणसांना वाचायला द्या. एखादी परिचारिका किंवा दाई, जी बाळंतपणाचा प्रसंग तपासेल. एखादा पंप किंवा आरओ दुरुस्त करणारा, जो गॅस्केट तसं बदलतात का ते सांगेल. आणि घरातली एखादी मोठी बाई, आत्या किंवा काकू, जिनं विज्ञानकथा कधीच वाचलेली नाही. तिसऱ्या वाचनाला तुम्ही समोर बसा आणि ती कुठे थांबते ते पेन्सिलनं खूण करून ठेवा. तिनं ‘हे काम असं नसतं’ म्हटलं की तो प्रसंग पुन्हा लिहा.

मग अंकाचा विचार. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याआधीच सुरू होते, तेव्हा मे-जूनपर्यंत कथा पूर्ण हवी. युनिकोडमध्ये टंकून, पानाच्या वर शब्दसंख्या घालून, एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवा. सोबतच्या पत्रात कथेचा विषय दोन ओळींत लिहा. ‘स्त्रियांसाठीची कथा’ असं लिहू नका, नाहीतर ती पाककृतींच्या पानांशेजारी छापली जाईल. सरळ ‘विज्ञानकथा’ लिहा.